निवेदनावर माझी सही नाही

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी सकाळी आमच्या कॉलनीतले तिघं जण घरी आले. एकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये निवेदन. 'प्रति, मा. पोलीस निरीक्षक साहेब. विषय : वसाहतीत भाड्याने राहत असलेल्या दोन महिलांच्या अनैतिक व्यवसायाचा तात्काळ बंदोबस्त करणेबाबत.' दोन पानं टाइप केलेली, तिसऱ्या पानापासून सह्यांचे रकाने. चहा येईपर्यंत मी वाचून काढलं. गांधीजी दोनदा, विनोबा एकदा, 'पावन भूमी' एकदा आणि 'मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम' तीनदा. त्या दोघींनी कोणाला शिवी दिली, कोणाचं दार वाजवलं, कोणाचं काही उचललं, असं एकही वाक्य नव्हतं. मी तसं विचारलं, तर फाइलवाले म्हणाले, "त्रास असा काही नाही जी. पण तसल्या बाया आहेत ना त्या! रात्री गाड्या येतात."

"एवढा कायचा इचार करून राह्यले भाऊ? बासष्ट सह्या झाल्या," दुसऱ्यांनी खिशातला पेन काढून पुढं केला.

मी सही केली नाही. का, ते तेव्हा धड सांगता आलं नाही. मंडळी चहा पिऊन उठली आणि फाटकापाशी कोणीतरी हळूच हसलं. त्या हसण्याचा अर्थ मला कळतो. या विषयावर पुरुषाने गप्प राहिलं तर तो सभ्य, विरोधात बोलला तर समाजसुधारक, आणि बाजूने बोलला तर गिऱ्हाईक. ठीक आहे. हसा. पण उत्तर ऐकून घ्या.

निवेदनातला विचार आमच्या कॉलनीपुरता नाही. तो वर्तमानपत्रांत आहे, व्याख्यानमालांत आहे, पानठेल्यावर आहे. ही बाई एक तर बिचारी किंवा बदमाश. बिचारी असेल तर पोलिसांनी तिची सुटका करावी, बदमाश असेल तर तिला हाकलून द्यावं. दोन्ही प्रकारांत तिला स्वतःला काही विचारायचं कारण नाही. कायदा सैल केला तर पोरी पळवणाऱ्यांचं फावेल आणि घरं बुडतील. आणि बापूंच्या जिल्ह्यात तर हे दिसतासुद्धा कामा नये.

बापूंपासूनच सुरुवात करू, कारण वर्ध्यात कोणत्याही गोष्टीवर झाकण घालायचं असलं की आपण पहिल्यांदा त्यांची तसबीर शोधतो. बापूंचा जिल्हा म्हणून १९७० च्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. आजही पेपर उघडला की मोहा सडवा नष्ट केल्याची बातमी, 'वॉश आऊट' मोहिमेचा फोटो, ड्रम उलटे करणारे शिपाई. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोटो. दारूबंदी ठेवावी की उठवावी हा वेगळा वाद आहे, त्यामागे गावोगावच्या बायांनी पदर खोचून दिलेली लढाई आहे, आणि बाई म्हणजे बाटली नव्हे. पण बंदी नावाचं यंत्र कसं चालतं हे वर्धेकराला बाहेरून कोणी येऊन शिकवावं लागू नये. माल कुठे जात नाही. तो अंधारात जातो, महाग होतो, विषारी होतो, आणि अंधाराच्या तोंडाशी हात पसरून कोणीतरी उभा राहतो. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली माणसं बाईच्या बाबतीत मात्र म्हणतात, धाड घाला म्हणजे मिटेल!

आणि बापूंनी स्वतः काय केलं? सेवाग्रामला येण्याच्या पंधरा वर्षं आधी, १९२१ साली, ते बंगालमधल्या बारिसालला या स्त्रियांना भेटले. त्यांचं ऐकून घेतलं, 'यंग इंडिया'त लिहिलं, आणि दोष पुरुषांच्या पदरात टाकला. चरखा घ्या असा सल्लाही दिला. पुढे १९२५ मध्ये अशा स्त्रियांना काँग्रेसच्या कामात घेतलं तेव्हा मात्र बापूंनी त्यांना चोरांहून वाईट ठरवलं. इथे मी बापूंशी भांडतो. ते चुकले, आणि चांगलेच चुकले. पण सुरुवात त्यांनी भेटण्यापासून केली होती. तुम्ही त्या खोलीचं दार एकदा तरी वाजवलंत का? तुमच्या दोन पानांत ना भेट आहे, ना चरखा. नुसता फौजदार आहे.

आता 'सुटका'. हा शब्द बातमीत कसा येतो ते पाहा. मजकूर इतका ठरलेला असतो की गावाचं नाव बदललं की पुरे. गुप्त माहिती मिळते. डमी ग्राहक पाठवला जातो, त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधी टिपलेले असतात. पंच बाहेर थांबतात. इशारा मिळतो, धाड पडते. 'दोन पीडितांची सुटका.' जप्तीत रोख रक्कम, मोबाईल आणि निरोधची पाकिटं. त्या पाकिटांपाशी जरा थांबा. १९६८ पासून हे सरकार निरोध वाटतंय. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात तर याच बायांपैकी काहींना मानधन देऊन, पिशवी खांद्याला लावून, इतर बायांपर्यंत ती पोहोचवायला सांगितलं जातं. सरकारच्या एका खात्याने हातात दिलेलं पाकीट दुसरं खातं लाखेने सील करून पुरावा म्हणून कोर्टात नेतं. ज्या बाईला हे एकदा कळलं ती पुढच्या वेळी पाकीट जवळ ठेवेल का?

आणि सुटका झालेल्या पीडितेचं पुढे काय होतं, ते बातमीत नसतं. ती घरी जात नाही. दंडाधिकाऱ्यासमोर जाते. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. आपण ज्याची सुटका करतो त्याला कुलपात ठेवतो, असा दुसरा प्रसंग मराठी भाषेत मला आठवत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशाच तीन तरुण सज्ञान स्त्रियांचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी त्यांना सोडायला सांगितलं. वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेने २०१८ मध्ये धाडीत सापडलेल्या २४३ स्त्रियांना विचारून अहवाल काढला. पाचातल्या जवळपास चौघींनी सांगितलं की धाड पडली तेव्हा त्या आपल्या मर्जीने धंद्यात होत्या. पाचातली उरलेली जी एक, तिला मदत हवी असेलही. पण तिला शोधायला उरलेल्या चौघींचं घर मोडायची काय गरज?

'गुन्हा नाही' म्हटल्यावर पुष्कळांना धक्का बसतो. मलाही बसला होता. १९५६ चा कायदा, १९८६ मध्ये नाव बदलून अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम झालेला, पेपरांच्या भाषेत 'पीटा', तो काढून वाचा. सज्ञान बाईने एकटीने, बंद दाराआड, आपल्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा त्यात मुळात गुन्हा नाही. मग ती गुन्हेगार होते कुठे? जिवाला जपायला जाते तिथे.

दोन बायांनी मिळून खोली घेतली आणि दोघींच्या फायद्यासाठी ती वापरली, की कायद्याच्या व्याख्येत तो कुंटणखाना. आमच्या कॉलनीतल्या त्या दोघी म्हणजे कुंटणखाना. एकटी असती तर नसता झाला. आता दोघी एकत्र का राहतात हे सांगायला काय तज्ज्ञ हवा? गिऱ्हाईक दारू पिऊन आला, अंगावर धावला, तर पलीकडून भिंत ठोकायला कोणीतरी असावं म्हणून. तुमच्या मुली पुण्याला शिकायला गेल्या की 'एकटी राहू नको, पार्टनर बघ' म्हणून तुम्हीच सांगता ना? तोच शहाणपणा इथे कलम ३. ज्या घरमालकाने हे जाणून खोली दिली, तोही आरोपी. त्यामुळे चांगला घरमालक देत नाही, देतो तो तिप्पट भाडं घेतो आणि वर उपकार दाखवतो.

कलम ४. दुसऱ्याच्या या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही माणूस दोन वर्षं आत जाऊ शकतो. कोणीही म्हणजे दलाल, हे आपलं गृहीत. कायदा नातं बघत नाही. म्हातारी आई आली. आयटीआयला जाणारा मुलगाही आला. परवापर्यंत तिचं लेकरू होता, अठरावं लागलं आणि आईच्या हातचं जेवून आरोपी झाला!

कलम ८, म्हणजे गिऱ्हाईकाला बोलावणं. नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामच्या चौरस्त्यापुढे, हिंगणघाटकडे जाताना, ट्रक थांबतात. तिथे उभ्या बाईला माणूस पारखायला पाच मिनिटं हवीत. किती जण आहेत केबिनमध्ये, किती प्यायलेत, पाकीट वापरणार की नाही, कुठे नेणार, परत कुठे सोडणार. या पाच मिनिटांनाच कायद्याने गुन्हा केलं आहे. म्हणून ती अर्ध्या मिनिटात भाव ठरवते आणि चढते. आणि गंमत पाहा, पहिल्यांदा सापडली तर बाईला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. हेच पुरुषाने केलं तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. १९८६ साली संसदेत हे तागडीत तोलून कोणी ठरवलं असेल, त्याचा मला हेवा वाटतो.

एकटी राहा, घाईत निवड, आईला-मुलाला खायला घालू नको, निरोध जवळ ठेवू नको, मार खाल्लास तर ठाण्यात येऊ नको, कारण आलीस तर खोली जाईल. असा हा कायदा तिचं रक्षण करतो म्हणे.

यावर हमखास येणारा सवाल: 'पण स्वखुशीने कोण करतं हो हे? गरिबीच करायला लावते ना?' लावते. मग? आपल्या पऱ्हाटीत ऐन उन्हात कापूस वेचणारी बाई स्वखुशीने बोटं सोलून घेते का? बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची पाहणी सरकारच्या समितीनेच २०१९ मध्ये केली. ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत, बाळंतपणात खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून. महाराष्ट्र हळहळला. पण फडावर धाड घाला, कोयते जप्त करा, त्या बायांची 'सुटका' करून त्यांना तीन वर्षं सुधारगृहात ठेवा, असं निवेदन कोणी दिलं? नाही दिलं. तिथे आपल्याला नेमकं सुचलं: मजुरी वाढवा, दवाखाना द्या, मुकादमाला आवरा. तिच्या गरिबीची कणव आली की आपण मजुरीबद्दल बोलतो, आणि हिच्या गरिबीची कणव आली की फौजदाराबद्दल. ही कणव नव्हे. किळस आहे, आणि तिला कणवेचा सदरा घातलेला आहे.

डॉ. आंबेडकरांचा दाखला देणारेही भेटतात. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी हे जिणं सोडा असं कडक शब्दांत सांगितलं, हे खरं. पण सभा त्यांच्यासमोर झाली, त्यांच्याशी झाली. ज्याला तो दाखला द्यायचा असेल त्याने आधी तसा हॉल भरवावा आणि समोरून येणारी उत्तरंही ऐकावीत.

पोरी पळवणाऱ्यांचं फावेल, हा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो हसण्यावारी नेता येत नाही. अल्पवयीन मुली विकल्या जातात, फसवून आणल्या जातात, हे सत्य आहे. पण सज्ञान बाईच्या डोक्यावरची कलमं काढली म्हणून मुलींना वाचवणारी कलमं कशी जातील? मानवी तस्करीला भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे. अठराच्या आतल्या मुलीसाठी २०१२ चा पोक्सो आहे. डांबून ठेवणं, बलात्कार, मारहाण, सगळं जागच्या जागी राहतं. उलट, वस्तीत नवीन आलेली, बावरलेली, चौदा वर्षांची पोर पहिल्यांदा कोणाच्या नजरेला पडते? पोलिसांच्या? तुमच्या? पडते ती शेजारच्या खोलीतल्या धंदेवाल्या बाईच्या. सांगलीत 'वॅम्प', म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, आणि कोलकात्याच्या सोनागाछीत १९९५ पासून 'दुर्बार', या बायांच्या स्वतःच्या संघटना. नवी मुलगी आली की तिचं वय, तिची मर्जी या बायाच तपासतात आणि पोरींना परत पाठवतात. ठाण्याची पायरी चढताना आपल्यालाच आत घालतील ही भीती ज्या बाईला आहे, ती त्या पोरीची खबर कशी देईल? तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार तुम्ही स्वतःच आरोपी करून ठेवला आहे.

'उठवा' म्हणणाऱ्यांनी नागपूरकडे पाहावं, लांब नाही, पाऊणशे किलोमीटर. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या गंगा-जमुना वस्तीला पोलिसांनी टाळं ठोकलं. बॅरिकेड लागले, जमावबंदी लागली, गिऱ्हाईकांना मज्जाव झाला. बाया रस्त्यावर उतरल्या, राखीपौर्णिमेच्या दिवसांत दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले, टीव्हीवाल्यांना आठवडाभर काम मिळालं. त्याच नागपुरात रामभाऊ इंगोल्यांनी या बायांच्या मुलांसाठी विमलाश्रम उभा केला, एकाही गल्लीला टाळं न ठोकता. ज्यांनी टाळं ठोकलं त्यांना माझा एकच प्रश्न आहे. त्या शेकडो बाया गेल्या कुठे? त्यांचं भाडं, मुलांची फी, गावाकडची मनीऑर्डर थांबली का? वस्ती मोडली की बाई कॉलनीत येते, लॉजवर येते, मोबाईलवर येते. वस्तीत निदान दवाखान्याची बाई तिला शोधत यायची. आता तिला शोधून काढतो तो एकटा गिऱ्हाईक आणि हप्तेवाला. आणि मग आपण निवेदन लिहितो की आमच्या कॉलनीत या कुठून आल्या!

'पण सुप्रीम कोर्टाने सगळं दिलंय की,' असं एका वकील मित्राने ऐकवलं. १९९९ मध्ये कोलकात्यात एका वेश्येला मारून मारून ठार केलं गेलं, त्या खटल्यातून हे प्रकरण वाढत गेलं. १९ मे २०२२ च्या आदेशाने, ज्या पीठावर आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, मोठं काम केलं. निरोध पुरावा मानू नका, बलात्कार झाला तर तिला इतर कोणाही स्त्रीसारखी मदत द्या, संरक्षणगृहांत मर्जीविरुद्ध अडकलेल्या सज्ञान स्त्रिया शोधा, पत्रकारांनी चेहरे-नावं छापू नयेत. आधार कार्डाची वाटही मोकळी झाली. पण मित्राने आदेश पुरता वाचला नव्हता. सज्ञान आणि राजी असलेल्या बाईच्या वाटेला पोलिसांनी जाऊ नये आणि धाडीत तिला पकडू नये, आदेशातल्या या शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली. म्हणून त्या दिवशी बंधनकारक झाल्या त्या बाकीच्या. नेमका कणा राहिला. कलम ३, ४, ८ पुस्तकात तशीच आहेत, आणि ती संसदेनेच काढायची आहेत. आपल्या राज्य सरकारने कोरोनाच्या टाळेबंदीनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये या बायांना महिना ५ हजार रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार दिले. जिल्ह्याजिल्ह्यांतून याद्या झाल्या. पैसे द्यायला त्या सापडल्या, आता हक्क द्यायला सापडत नाहीत.

कोणी म्हणेल, मग सरकारने लायसन्स द्यावं, कार्ड द्यावं, दर महिन्याला तपासावं. नको. इंग्रजांनी १८६८ च्या कायद्याने हेच केलं होतं, गोऱ्या सोजिरांचं आरोग्य टिकावं म्हणून बायांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी. फौजदाराच्या जागी कारकून बसवणं ही सुधारणा नव्हे. मागणी फार साधी आहे, तिच्या कामाला फौजदारी कायद्यातून बाहेर काढा आणि बाकीच्या कष्टकऱ्यांना जे कायदे लागू आहेत ते हिला लागू करा. न्यूझीलंडने २००३ मध्ये हे केलं, संसदेत अवघ्या एका मताच्या फरकाने. चार बाया एकत्र बसून आपापलं काम करू शकतात, परवाना लागत नाही. पाच वर्षांनी सरकारच्याच समितीने पाहिलं, तर धंदा फोफावल्याचं दिसलं नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका बाईने कुंटणखाना चालवणाऱ्यावर लैंगिक छळाचा दावा लावला आणि २५ हजार डॉलर भरपाई घेतली. वेश्येचा लैंगिक छळ! आपल्याकडे हे शब्द शेजारी ठेवले तरी लोक हसतील. हसतात, म्हणून तर तिला मारणं सोपं जातं. आणि ज्यांना फक्त रोगाचीच काळजी आहे त्यांच्यासाठी: २०१४ च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाचा अंदाज असा की गुन्हेगारीचा शिक्का काढला तर दहा वर्षांत या बायांमधल्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांमधल्या एचआयव्हीच्या नव्या लागणींपैकी ३३ ते ४६ टक्के टळू शकतात.

राहिली कोवळी मनं. त्या दोघींपैकी एकीला मुलगी आहे. सकाळी साडेसहाला, डोक्याला तेल लावून दोन घट्ट वेण्या घालून, डबा हातात घेऊन ती आमच्या फाटकासमोरून शाळेत जाते. निवेदनात ज्या मुलांची काळजी केली आहे त्यांत ही धरलेली नाही.

तर शेजाऱ्यांनो, फाइल घेऊन पुन्हा या, चहा आहेच. फक्त दुसऱ्या पानावर 'बंदोबस्त करावा' लिहिलंय, त्याखाली थोडी जागा सोडून एक ओळ वाढवा. इथून उठवल्यावर त्या दोघींनी आणि त्या पोरीने नेमकं कुठे राहायचं, तो पत्ता. घर नंबर, गल्ली, गाव, सगळं. आणि तिथल्या लोकांच्या सह्या जोडा, की आमची हरकत नाही. मग माझी सही त्रेसष्टावी.